दिवा की काटा?

माणसाला किती कळावं, हा प्रश्न फार जुना आहे. थोरामोठ्यांनी त्यावर ग्रंथ लिहून ठेवले आहेत आणि ते ग्रंथ आपल्याला कळत नाहीत, म्हणजे निदान आपल्यापुरता त्यांनी तो सोडवलेला आहे. माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाने, त्यातून बी. कॉम.वाल्याने, असल्या प्रश्नाच्या वाटेला जायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या सोसायटीतल्या नानांनी आपल्या जुन्या फियाटच्या डॅशबोर्डावरचे दोन दिवे काढून तिथे काट्यांची मीटरं बसवायचं ठरवलं, आणि वेदान्त थेट पार्किंगमध्ये उतरला.

आधी गाडीविषयी. नानांची गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. मुळात ही फियाट ११००. १९७०च्या दशकात तिचं नाव बदलून पद्मिनी ठेवलं, पण लोक तिला माहेरच्या नावानेच हाका मारत राहिले. मुंबईकरांना ती आठवते काळ्या-पिवळ्या रंगात. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली. टॅक्सीचं आयुष्य २० वर्षांचं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून त्या टॅक्सीचा वंश कायद्याने खुंटला. नानांची पद्मिनी खाजगी आणि पांढरी (नानांच्या मते हस्तिदंती), म्हणून ती या संहारातून वाचली. तिला आर.टी.ओ. पाच-पाच वर्षांची मुदतवाढ देतं. "मला अठ्ठावन्नाव्या वर्षी एका दिवसाचीही नाही दिली," असं नाना प्रत्येक नूतनीकरणाला म्हणतात.

तर या गाडीत पेट्रोल किती आहे ते सांगायला काटा आहे. पण इंजिनातल्या तेलाचा दाब आणि बॅटरीचं चार्जिंग या दोन जिवाच्या गोष्टींसाठी नुसते दिवे. किल्ली फिरवली की दोन्ही लागतात, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझतात, आणि मग माणूस मजेत खंबाटकी घाट चढायला मोकळा. चालत्या गाडीत त्यातला एखादा लागला तर समजायचं, काहीतरी झालं. लाल दिव्याची ही मोठी गंमत आहे. तो गाडीच्या टपावर असला की लोक सलाम करायचे (मंत्र्यासंत्र्यांचा तो दिवा १ मे २०१७पासून गेला), आणि तोच गाडीच्या आत लागला की लोक धक्का मारायला उतरायचे.

हा तेलाचा दिवा लागतो कसा, ते नानांनी मला समजावून सांगितलं. मी कॉमर्सचा असल्यामुळे त्यांनी ते दोनदा सांगितलं. इंजिनाच्या अंगात अंगठ्याएवढा एक स्विच पिळलेला असतो. त्यात पातळ पडदा. तेलाचा दाब आला की पडदा फुगतो, आतला संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. दाब गेला की पडदा बसतो आणि दिवा लागतो. आता खोच अशी की हा पडदा फार थोडक्यात समाधान मानणारा आहे. त्याला पाच-सात पौंडांचा दाब मिळाला तरी तो तृप्त असतो. धावत्या इंजिनाला मात्र चाळीसेक पौंड लागतात. म्हणजे दाब चाळिसाचा तीस झाला, तिसाचा वीस झाला, विसाचा दहा झाला, तरी दिवा आपला गप्प! तो बोलतो तेव्हा बेअरिंगांची कणीक होत आलेली असते. प्रत्येक लग्नात एक मामा असतो, कोठीघराची किल्ली कमरेला लावून फिरणारा. श्रीखंड कमी पडतंय हे त्याला सकाळी दहालाच दिसलेलं असतं. पण तो सांगतो कधी, तर तिसरी पंगत बसल्यावर. हा दिवा त्या मामाच्या जातीचा.

अमेरिकेत हडसन नावाच्या मोटार कंपनीने १९३०च्या दशकात तेलाच्या आणि डायनॅमोच्या काट्यांऐवजी दिवे बसवायला सुरुवात केली. पुढे बहुतेकांनी तेच केलं, कारण दिवा काट्यापेक्षा स्वस्त पडतो. काट्यावर प्रेम करणाऱ्या मंडळींनी चिडून त्या दिव्याला नाव ठेवलं: इडियट लाइट. म्हणजे शहाण्यांसाठी काटा आणि बावळटांसाठी दिवा.

हे नाव ऐकून नानी भडकल्या. त्यांचं म्हणणं, "या बावळट दिव्याच्या भरवशावर आम्ही पाच वेळा कोल्हापूर केलं, दोन वेळा गोवा केला. कधी काही झालं नाही. आता काटा बसवला की हे रस्त्याकडे बघायचे सोडून त्याच्याकडे बघत बसणार. जे कळून आपल्याला काही करता येत नाही, ते कळून करायचंय काय?" नाना म्हणाले, "अगं, वेळेवर कळलं तर करता येतं. उशिरा कळतं म्हणूनच करता येत नाही." आता या दोन वाक्यांत काय कमी आहे? दोघंही बरोबर. नवरा-बायकोच्या भांडणात दोघंही बरोबर असले की ते भांडण तात्त्विक होतं आणि चहा उशिरा मिळतो.

हा वाद ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं काउंटर उभं राहिलं. बँकेच्या गिऱ्हाइकांत या दोन्ही पंथांची माणसं मला रोज भेटतात. एक आजोबा दर सोमवारी पासबुक भरायला येतात. आठवडाभरात खात्यावर काही घडलेलं नसतं. तरी पासबुक मशीनमधून कोरंच बाहेर आलेलं बघून त्यांना समाधान होतं. हे काटेवाले. दुसऱ्या पंथाच्या लोकांचं पासबुक कुठे आहे ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नसतं. त्यांना बँकेची आठवण चेक परत गेल्यावर येते. हे दिवेवाले. पहिल्या पंथाचा माणूस आमचा वेळ खातो आणि दुसऱ्या पंथाचा आमचा जीव खातो, पण झोप दुसऱ्याची चांगली असते, हे कबूल केलं पाहिजे.

कर्जाच्या बाबतीत तर आमच्या धंद्याने हा प्रवास स्वतःच केला आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते खातं अनुत्पादक, म्हणजे एन.पी.ए. हा नव्वद दिवसांचा नियम २००४च्या मार्चअखेरीपासूनचा. तो झाला दिवा. पुढे २०१४मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या दिव्याच्या अलीकडे काटा बसवला. तीस दिवसांपर्यंतची कुरबुर असली तर एस.एम.ए. शून्य, साठपर्यंत एस.एम.ए. एक, नव्वदपर्यंत एस.एम.ए. दोन. कल्पना उत्तम. पण काटा बघून फोन करायचं काम ज्याच्याकडे येतं, त्याला माणसाच्या स्वभावाचं विश्वरूपदर्शन होतं. बाराव्या दिवशी फोन केला तर समोरचा उखडतो. "अहो, बारा दिवसांत काय पळून गेलो का मी? इतका अविश्वास?" आणि त्याच गृहस्थाला पंच्याण्णवाव्या दिवशी नोटीस गेली की तोच काउंटरवर येऊन म्हणतो, "आधी नाही का सांगायचं? माणसं आहात की कोण?" काटा अपमान करतो आणि दिवा घात करतो. तिसरं काही माणसाला चालत नाही, आणि पहिली दोनही चालत नाहीत.

घरात हा प्रश्न स्वयंपाकघरात असतो. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस येतो, पण त्याला काटाही नाही आणि दिवाही नाही. तो संपतो एवढंच. आणि संपतो तो पाहुणे हात धुऊन पाटावर बसल्यावर. आमच्या हिने यावर काटा शोधून काढलेला आहे. ओलं फडकं सिलिंडरवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचं आणि थोडं थांबायचं. वरचा भाग लवकर वाळतो, आत पातळ गॅस आहे तिथवरचा ओला राहतो. ती ओल्याची रेघ म्हणजे काटा. हे शास्त्र ती कुठल्या कॉलेजात शिकलेली नाही. तिला फक्त पाहुण्यांचा अनुभव आहे.

आणि आमच्या पिढीच्या लोकांनी वडलांच्या स्कूटरवर तिसराच एक प्रकार पाहिलेला आहे. त्या स्कूटरला पेट्रोलचा काटा नव्हता आणि दिवाही नव्हता. होती ती सीटखाली एक चावी: चालू, बंद आणि रिझर्व्ह. स्कूटर खोकायला लागली की वडील चालत्या गाडीवर खाली हात घालून ती चावी फिरवायचे, आणि गाडी पुन्हा धावायची. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटललाही १९६१पर्यंत असाच रिझर्व्हचा नळ होता, पेट्रोलचा काटा नंतर आला. मला ही रिझर्व्हची कल्पना फार दयाळू वाटते. ती चूक झाल्याचं सांगते आणि त्याच हाताने पंपापर्यंत पोचवते. परमेश्वराने माणसाच्या शरीरात अशी एक चावी ठेवली असती तर निम्मे दवाखाने बंद पडले असते. अर्थात वडलांच्या स्कूटरची चावी कित्येकदा आधीपासूनच रिझर्व्हवर असायची, ते ढकलत नेताना कळायचं. म्हणजे परमेश्वराने तरी काय करावं?

असो. एका रविवारी नानांचे मिस्त्री आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे, कानावर बिडीऐवजी टेस्टर ठेवणारे. त्यांनी पिशवीतून तेलाच्या दाबाचं मीटर काढलं आणि मागून उघडून आतलं यंत्र मला दाखवलं. आत पितळेची एक चपटी, वाकवलेली नळी होती, अर्धवट उघडलेल्या मुठीसारखी. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकली की सरळ होते, तोंड काढलं की पुन्हा गुंडाळते, अगदी तेच तत्त्व. इंजिनातलं तेल तांब्याच्या बारीक नळीतून या पितळी नळीत येतं, दाब वाढला की ती उलगडते आणि काट्याला ओढते. युजेन बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसाने १८४९मध्ये याचं पेटंट घेतलं. तेव्हापासून वाफेच्या इंजिनांपासून आजतागायत ही पिपाणी जगभर उलगडते आहे. यात वीज नाही, स्विच नाही. इंजिनातलं तेलच डॅशबोर्डापर्यंत चालत येतं आणि आपला हालहवाल स्वतः सांगतं. मध्यस्थ नाही. म्हणूनच ती नळी नीट बांधावी लागते, नाहीतर तेल हालहवाल सांगता सांगता नानींच्या साडीवर येईल.

आता मी समजत होतो की दिव्याचा स्विच काढायचा आणि तिथे काट्याची नळी लावायची. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनी पितळेचा एक छोटा टी काढला, नळकामात असतो तसाच. टीच्या एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवी नळी. "दिवा कशाला ठेवताय?" नानांनी विचारलं. "त्याच्यावर भरवसा नाही म्हणून तर काटा बसवतोय." मिस्त्री म्हणाले, "नाना, काटा आपण बघितला तर सांगतो. दिवा आपण बघत नसलो तरी सांगतो. दोन्ही पाहिजेत."

चार्जिंगच्या दिव्याची कथा तर आणखी मजेची. नानांना तिथे अँपिअरचं मीटर हवं होतं, पूर्वी ट्रकांत असायचं तसं. मिस्त्रींनी ते मोडीत काढलं. त्या मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट फिरवावा लागतो, म्हणजे जाड वायर डॅशबोर्डापर्यंत आणायची, आणि एखादा नट ढिला झाला की धूर. त्यापेक्षा व्होल्टमीटर बरं. त्याला सुतळीएवढी वायर पुरते. गाडी उभी असताना काटा साडेबाराच्या आसपास, चालू असताना चौदाच्या, एवढं लक्षात ठेवायचं. पण इथेही त्यांनी दिवा काढू दिला नाही. या गाडीत मागच्या मालकाने डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवलेला आहे. आणि आल्टरनेटरला सुरुवातीला जो थोडासा करंट लागतो, तो त्या दिव्यातूनच जातो. दिवा काढला, तर आल्टरनेटर जागा व्हायलाच कुरकुर करतो. मी थक्क झालो. इतकी वर्षं आपण समजत होतो की हा दिवा नुसता तक्रार करतो. तो तर रोज सकाळी घराला उठवत होता!

शिवाय या दिव्याचा स्वभाव पाहा. त्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं आल्टरनेटरकडे. दोन्हीकडचा दाब सारखा असला की मधून करंट जात नाही आणि दिवा विझलेला. दोघांत तफावत पडली की दिवा लागतो. सासू आणि सून यांच्यामध्ये बसून जेवणाऱ्या माणसाला मी हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

मीटरं बसली आणि नानींचं भाकीत खरं ठरलं. नाना पहिल्याच दिवशी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले ते घामाघूम. "सकाळी साठ पौंड होता हो. हायवेला पंचेचाळीस. आणि येताना सिग्नलला उभा राहिलो तर पंधरा! पंधरा!" मिस्त्रींना फोन झाला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तेल गरम झालं, पातळ झालं, इंजिन मंद फिरतंय. पंधराच दाखवणार. इतकी वर्षं पंधराच दाखवत होतं, तुम्हाला दिसत नव्हतं. आता महिनाभर नुसतं बघा. काही करू नका. या गाडीचा पंधरा कुठे असतो आणि पंचेचाळीस कुठे, ते एकदा अंगवळणी पडू द्या. मग ज्या दिवशी पंधराच्या जागी दहा दिसेल, त्या दिवशी मला बोलवा."

मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. काटा आकडा सांगतो, पण त्या आकड्याचा अर्थ सांगत नाही. अर्थ कळायला त्या गाडीबरोबर दिवस काढावे लागतात. आमचे सासरे ब्लड प्रेशरचं मशीन घेऊन आले तेव्हा हेच झालं. दिवसातून आठ वेळा मोजायचे. मोजलेलं जास्त आलं की घाबरायचे, घाबरले की पुन्हा मोजायचे, आणि घाबरून मोजलेलं आणखी जास्त यायचं. शेवटी डॉक्टरांनी वही घालून दिली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, पाच मिनिटं शांत बसून, आणि एका आकड्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. आता त्यांचं प्रेशर ठीक आहे. हल्ली ते वहीच्या समासात रेघा आखतात.

एवढं होईपर्यंत मी काट्याच्या पक्षाला जवळजवळ मिळालो होतो. पण या जगात तिसरी एक जात आहे, हे कळलं आणि माझी झोप उडाली. दिवा असून काट्याचा वेष घेणारी जात! जपानच्या माझदा कंपनीच्या एम.एक्स.-५ या गाडीत सुरुवातीला तेलाचा खरा काटा होता, इंजिनाबरोबर खालीवर होणारा. १९९५च्या मॉडेलपासून त्यांनी चकतीवर काटा ठेवला, पण मागे बसवला साधा स्विच. दाब थोडाबहुत आहे म्हटल्यावर काटा उठून मधोमध उभा राहतो आणि तिथेच राहतो. चाळीस असो की पंधरा, तो आपला मधोमध! आणि हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत पाण्याच्या तपमानाचा काटाही असाच शिकवून ठेवलेला असतो. तपमान बऱ्यापैकी खालीवर झालं तरी तो मध्य सोडत नाही, कारण काटा हलला की गिऱ्हाईक घाबरतं आणि गाडी घेऊन दुकानात येतं.

हा काटा मी कुठेतरी पाहिलाय, असं मला राहून राहून वाटत होतं. आणि मग लक्षात आलं. हा काटा म्हणजे मराठी माणसाचं "बरं आहे." काय, कसं काय? बरं आहे. प्रकृती? बरी आहे. मुलगा दहावीत दोनदा बसला, छप्पर गळतंय, कंपनीने पगार थकवलाय, कसं काय? बरं आहे. शून्यापासून साठ पौंडांपर्यंत एकच उत्तर आणि काटा मधोमध.

आमची आई गावी एकटी राहते. पंच्याहत्तरी ओलांडली आहे. "तुमच्या फ्लॅटमध्ये मला सकाळी कोंबडं ऐकू येत नाही," या एका कारणावर तिने माझे सगळे युक्तिवाद परतवलेले आहेत. रोज रात्री आठ वाजता मी फोन करतो. "कशी आहेस?" "बरी आहे." हे उत्तर ती तापातही देते. तिच्या शेजारच्या काकूंकडे माझा नंबर आहे. काही झालं तर त्या फोन करतील. तो झाला दिवा. पण दिवा कधी लागतो ते आता मला ठाऊक झालं आहे: पाच पौंडाला.

म्हणून मी एक टी बसवला. "कशी आहेस?" हे विचारायचं सोडलेलं नाही. ते विचारावंच लागतं. किल्ली फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात, ते बल्ब शाबूत आहेत हे कळावं म्हणून. विझलेल्या दिव्याचे दोन अर्थ असतात: सगळं ठीक आहे किंवा बल्ब गेलेला आहे. रोजचं "कशी आहेस, बरी आहे" म्हणजे बल्ब शाबूत असल्याची खूण. त्यातून बातमी मिळत नाही, पण ते बंद पडलं तर मोठी बातमी असते. फक्त त्यानंतर मी हळूच विचारतो, "आज जेवायला काय केलं होतंस?" पिठलं-भाकरी म्हणाली की पंचेचाळीस पौंड. आमटी-भात म्हणाली की तीस. दूध-पोहे म्हणाली की पंधरा, आणि एखाद्या रात्री पंधरा चालतं. इंजिन मंद फिरतंय, एवढाच त्याचा अर्थ.

मागच्या पावसाळ्यात सलग तीन रात्री दूध-पोहे आले. आवाज नेहमीसारखा, "बरी आहे"ही नेहमीसारखं. चौथा शनिवार होता, बँकेला सुट्टी. मी सकाळची एस.टी. धरली. आई ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसली होती. गुडघा नारळाएवढा सुजलेला. उभं राहून भाकरी थापवत नव्हती, म्हणून पोहे. "तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं. "तूच सांगितलंस," मी म्हणालो. तिला ते काही पटलं नाही. काकूंवर तिचा दोन दिवस राग होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, आणखी आठवडाभर अंगावर काढलं असतं तर भारी पडलं असतं.

हे मी आमच्या हिला सांगितलं तेव्हा तिने एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. ती म्हणाली, "पण आईंना सांगायचं नव्हतं ना? मग असं काढून घेणं बरोबर आहे का? उद्या माझ्या भाजीवरून तुम्ही माझा दाब मोजाल." मुद्दा बिनतोड आहे. गाडीला काटा बसवताना गाडीची परवानगी लागत नाही. माणसाची लागते. मोठं झालेल्या मुलाच्या खोलीत आपण सारखे डोकावलो तर तो कडी लावून घेतो, आणि मग दिवाही दिसत नाही. दुसऱ्याने आपल्याला किती सांगावं, हे ठरवायचा हक्क त्याचा. पण आपण त्याच्याकडे किती लक्ष द्यावं, हे ठरवायचा हक्क आपला. या दोहोंच्या मधली रेघ कुठे ओढायची, ते मला सांगता येत नाही. सिलिंडरवरच्या ओल्या रेघेसारखी ती रोज थोडी खाली सरकते.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. माणसाला मीटर लावायचं नाही. आकडा विचारायचा नाही. प्रेशर किती, शुगर किती, पैसे किती उरले, हे समोरच्याने सांगितलं तर ऐकायचं. विचारायचं ते जेवणाचं, कोंबड्याचं, गळक्या कौलाचं, शेजारच्या काकूंच्या नातवाचं. तेवढ्यात काटा दिसायचा तो दिसतो. नाही दिसला, तर निदान गप्पा झाल्या. तेलाचा दाब बघायला गेलेल्या माणसाला बॉनेटखाली एवढंही मिळत नाही.

नानांचा महिना आता भरला आहे. सिग्नलला काटा पंधरावर आला की हल्ली ते त्याच्याकडे बघतही नाहीत. नानी मात्र बघतात. परवा मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या, "चौदा दाखवतंय हो दोन दिवस. यांना सांगू नका, घाबरतील. मिस्त्रींना मी फोन केलाय."

आणि आईच्या फोनवर अलीकडे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. ती इतकी वर्षं चालू होती, मला दिसत नव्हती एवढंच. आठ वाजता मी फोन लावतो. तिचं "बरी आहे" होतं, पिठल्याची बातमी होते, आणि मग ती विचारते, "तू कसा आहेस?"

"बरा आहे," मी म्हणतो.

"ते कळलं," आई म्हणते. "जेवलास काय, ते सांग."